भट्टी, भुयार आणि गाववाले

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तळकोकणातली रेडी फार जवळ आली. सकाळी मुंबईत चहा घेतलेला माणूस दुपारी रेडीत माशाच्या ताटावर बसतो, द्विभुज गणपतीचं दर्शन घेतो आणि संध्याकाळी यशवंतगडाच्या तटावरून मावळतीचे फोटो काढतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कच्च्या लोखंडाच्या कारखान्यात नोकरीसाठी इथे आलो, तेव्हा कोल्हापूरहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथे एस.टी. बदलून शिरोडा आणि शिरोड्याहून रेडी, असा अख्खा दिवस मोडायचा. घरी फोन करायचा तर एस.टी.डी. बूथवर रात्री दर उतरेपर्यंत ताटकळायचं. रविवारी इथे करण्यासारखं काही नाही, असं बाहेरून आलेल्या प्रत्येकाला पहिले काही आठवडे वाटायचं. मला तसं वाटायला फुरसतच मिळाली नाही, कारण शेजारच्या खोलीत तो राहत होता.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. भेटेल त्याला, मग तो जनरल मॅनेजर असो की कोकच्या ढिगावरचा हमाल, तो ‘गाववाले’ अशीच हाक मारायचा. मग सगळा कारखाना त्यालाच गाववाले म्हणू लागला. घर याच पट्ट्यातलं. वि. स. खांडेकर ज्या शाळेचे मुख्याध्यापक होते त्या शिरोड्याच्या शाळेत शिकलेला आणि पुढे कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल झालेला. मी धातुशास्त्राचा. भट्टीच्या पोटात काय चाललंय ते मी बघायचं आणि भट्टी भोवतीच्या यंत्रांनी चालती ठेवायची ती त्याने, अशी आमची वाटणी होती.

तेव्हाची रेडी लाल होती. खाणीतला लोखंडाचा दगड ट्रकांतून बंदरावर, तिथून बार्जमध्ये आणि बार्जमधून खोल पाण्यात नांगरलेल्या मोठ्या जहाजांत जायचा. जहाजं परदेशी, बहुतेक माल जपानला. रस्ता लाल, झाडांची पानं लाल, वाळत घातलेले पांढरे शर्ट लाल. याच खाणीच्या आवारात १९७६ साली एका ट्रकचालकाला दृष्टान्त झाला आणि मातीतून दोन हातांची गणेशमूर्ती वर आली. गावातली म्हातारी माणसं ती हकीकत कालच घडल्यासारखी सांगायची. पावसाळ्यात समुद्र खवळला की बार्ज बंद आणि बंदर बंद. भट्टीला मात्र पावसाळ्याची सुट्टी नसते. एकदा पेटवली की ती रात्रंदिवस चालवावी लागते.

पहिल्याच रविवारी तो मला यशवंतगडावर घेऊन गेला. तटावर झाडांची मुळं उतरली होती, आत रान माजलं होतं. खाली खाडी आणि समोर समुद्र. तिथे उभं राहून त्याने मला चालुक्य राजा मंगलेशाची गोष्ट सांगितली. बदामीहून इतक्या लांब येऊन त्याने रेवतीद्वीप जिंकलं, तसा ऐहोळेच्या शिलालेखात उल्लेख आहे, आणि ते रेवतीद्वीप म्हणजे आपली रेडी असं अभ्यासक मानतात. पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला काही काळ घेतला होता, तेही त्याला ठाऊक होतं. “बघलंस? ज्येका त्येका रेडी व्हयी होती,” तो म्हणाला. “आणि आमची पोरां मुंबैक जावन गिरणीत रवली. माका हयच रवान मोठा काम करूचा आसा.” तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. त्या वयात असली वाक्यं सगळेच टाकतात, पण याच्या आवाजात फुशारकी नव्हती. उद्या सकाळी दळण आणायचं आहे इतक्या साधेपणाने तो ते बोलला.

भट्टीवर काम केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एक टन कच्चं लोखंड काढायला साधारण दीड टनाहून जास्त दगड आणि सहा-सातशे किलो कोक लागतो, शिवाय चुनखडी. खालून तापलेल्या हवेचा झोत. दर दोन-तीन तासांनी टॅपहोल, म्हणजे भट्टीचं खालचं तोंड, फोडायचा, की चौदाशे अंशांच्या वरचा रस वाळूने लिंपलेल्या पाटातून धावत सुटतो. त्या पाटाला रनर म्हणतात. त्यात जर ओल राहिली, तर रसाखाली अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं लोखंड तोफेसारखं उडतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात, जुलै महिन्यात, भिंतींना बुरशी आणि उशीला कुबट वास येत असताना रनर कोरडा ठेवायचा, हे आमचं खरं इंजिनिअरिंग.

एरवी दर वाक्याला हसवणारा हा माणूस टॅपिंगच्या अर्धा तास आधी अबोल व्हायचा. रनर जाळ घालून सुकवलेला असायचाच, तशी नोंदही झालेली असायची. तरी तो वाकून, हातमोजा काढून, उघड्या पंजाने वाळू चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. छपराच्या पत्र्याचा एखादा जोड ठिबकत असला तर नेमका त्याच्या खाली उभा राहून वर बघत राहायचा. शंका आली की टॅपिंग थांबवायचा. वरून फोन यायचे, उत्पादनाचा आकडा घसरतोय म्हणून आरडाओरडा व्हायचा. तो शांतपणे म्हणायचा, “साहेब, दहा मिनिटां. माझी माणसां आसत थय.” मग पुन्हा जाळ, पुन्हा पंजा. त्याच्या पाळीत रनरवर कुणाला भाजल्याचं मला आठवत नाही. त्याची आठवण निघाली की लोक त्याचे विनोद सांगतात. मी आधी तो हातमोजा काढलेला पंजा सांगतो.

टॅपहोल बंद झाला की मात्र हाच माणूस वेगळा. मार्च-एप्रिलच्या रात्रपाळीला त्याच्या डब्यात काजूच्या ओल्या बिया असायच्या. रनरपासून लांब, थिजलेल्या पण आतून धगधगणाऱ्या स्लॅगवर, म्हणजे भट्टीतून निघालेल्या मळीवर, एक मोडकं फावडं ठेवायचं आणि त्यावर बिया पसरायच्या. टरफलातलं तेल पेटलं की फुर्रकन ज्वाळा उठायच्या, घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा काळा धूर पसरायचा, आणि फोरमन शिव्या देत बाहेर यायचा. पाच मिनिटांनी तोच फोरमन राखेत लोळवलेल्या बिया दगडाने फोडत आमच्यात बसलेला असायचा. वरून काळा, आतून सोनेरी, अजून चटका देणारा तो गर. आता शहरातल्या दुकानांत काजू एकेक आकाराचे, चकचकीत पाकिटांत मिळतात. त्यांना ती धुराची चव नाही, हे मी अनेकदा पारखून बघितलं आहे.

पण त्याचं खरं वेड दशावताराचं. जत्रांचा मोसम सुरू झाला की आठवड्याच्या पाळ्या तो जत्रांच्या तारखा बघून बदलून घ्यायचा. मोचेमाडकर कंपनी कुठे, पार्सेकर कुठे, आज कुठलं आख्यान, राजा कोण आणि राक्षस कोण, सगळं तोंडपाठ. बजाज सुपरवर मागे मला बसवून तो रात्री दहा-अकराला निघायचा. नाटक मध्यरात्रीनंतर उभं राहायचं आणि उजाडेपर्यंत चालायचं. लिहिलेली संहिता नसताना, पेटी आणि पखवाजाच्या साथीवर, ऐन वेळी संवाद रचत दोन नट तासतासभर एकमेकांना कसे भिडतात, हे मी घाटावरचा माणूस आ वासून बघायचो. तो मला कोपराने ढोसून सांगायचा, “आता बघ हं, तो तेका वाटेक लायतलो.” सकाळी मालवणी खाजं खात परत, आंघोळ, आणि पहिल्या पाळीला हजर.

कारखान्याच्या स्नेहसंमेलनात त्याने संकासुर उभा केला. दशावतारात संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवतो. याने पळवलं ते शिफ्टचं रजिस्टर. आमच्याकडे काही जण मीटरकडे न बघताच अंदाजाने तापमान टाकायचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. काळा वेश, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, अशा थाटात तो रजिस्टर काखेत मारून आला आणि भटजीला म्हणाला, “वेद ऱ्हवांदेत तुमचे. माका ह्या रजिस्टर व्हया. हेच्यात खरा काय लिवलला आसा, ता माका एकदा वाचूचा आसा.” मग एकेक पान उलटत, रोज रात्री दोन वाजता भट्टीला एकाच अंशावर ताप कसा येतो, हे तो विचारत गेला. समोर वरिष्ठ साहेब मंडळी सहकुटुंब बसलेली. आधी हमाल हसले, मग फिटर आणि शेवटी साहेब. विष्णू झालेल्या ब्लोअर हाउसमधल्या फिटरला हसू आवरेना, त्यामुळे संकासुराचा वध बराच लांबला. त्यानंतर रजिस्टरमध्ये खरे आकडे पडायला लागले. परिपत्रक काढून जे झालं नव्हतं, ते त्याने एका सोंगात करून दाखवलं.

त्याच्या उशाशी एक दोनशे पानी वही असायची. भट्टीच्या माथ्यावरून निघणाऱ्या गॅसवर वीज कशी करता येईल, स्लॅग दाणेदार करून सिमेंटला कसा पुरवता येईल, खाडीच्या काठाला बार्ज दुरुस्तीचा यार्ड कुठे बसेल, याची गणितं आणि रेखाटनं त्यात असायची. यातल्या बऱ्याच गोष्टी तेव्हाही जगात इतरत्र होत होत्या. त्याला त्या रेडीत व्हायला हव्या होत्या. सगळ्यात जीव त्याचा फाउंड्रीत अडकलेला. आमचं लोखंड लाद्यांच्या रूपात ट्रकमधून आंबोली घाट चढून कोल्हापूर-बेळगावच्या फाउंड्र्यांत जायचं. “आमचा लोखंड घाट चढान जाता, थय तेचो पंप होता, आणि तोच पंप आम्ही इकत घेतो,” तो पोटतिडकीने सांगायचा. “मधले पैशे घाटार ऱ्हवतत आणि आमका ऱ्हवता ती लाल माती.” कोकणाच्या विकासावर मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली. इतक्या थोडक्या शब्दांत इतकं नेमकं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

त्या वहीतलं एकही पान कारखान्यात उतरलं नाही. लाद्या विकल्या जात होत्या, तेवढ्यावर सगळे समाधानी होते. आणि त्याच सुमाराला खाडीपलीकडे, पेडण्याच्या डोंगरात, देशातलं एक अवघड काम अडून बसलं होतं.

कोकण रेल्वेचं. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं होतं आणि सव्वासातशे किलोमीटरहून लांब मार्गाचं काम एकदम अनेक ठिकाणी सुरू होतं. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा कातळातून गेला. कातळासाठी स्वीडनची यंत्रं होती. पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण तो पाण्याने भिजलेल्या मऊ मातीतून जायचा होता. तिथे यंत्रं चालेनात. हातभर खणावं तर वरून चिखल यावा. माणसं गाडली गेली. सगळा मार्ग तयार होत आला तरी पेडणं सुटेना.

एका रविवारी तो मला घेऊन तेरेखोलला आला. फेरीबोटीत स्कूटर चढवून आम्ही केरीला उतरलो आणि पेडण्याला जाऊन लांबूनच ते तोंड बघितलं. लाकडाचे आणि लोखंडाचे टेकू, पंपांची घरघर आणि कमरेएवढ्या गाळातून घमेली पुढे सरकवणारे कामगार. तो बराच वेळ गप्प होता. परतताना फेरीत म्हणाला, “भट्टीत ओल नको म्हणान आपण जीव टाकतो. हय तर सगळी ओलच आसा.” मी तेव्हाच ओळखलं की हा आता आमच्याकडे राहत नाही. काही महिन्यांत त्याने राजीनामा दिला आणि एका ठेकेदाराकडे पंप नि यंत्रसामग्रीच्या देखभालीला रुजू झाला. पगार कमी, जोखीम जास्त. घरच्यांनी, आम्ही, सगळ्यांनी समजावलं. त्याचं उत्तर एकच, की घरापासून खाडी ओलांडली की इतकं मोठं काम पुन्हा आयुष्यात येणार नाही.

ती वर्षं त्याला जड गेली. भेटायचा तेव्हा नखांत पिवळी माती असायची, विनोद कमी झालेले असायचे. एका जत्रेत, पेटी लागलेली असताना, तो बसल्या जागी झोपून गेला. असं कधी झालं नव्हतं.

२६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा मार्ग खुला झाला. पुढे गाड्या नियमित धावायला लागल्यावर त्याने मला, माझ्या पत्नीला आणि आमच्या लहान मुलीला मडुऱ्याच्या स्टेशनात बोलावलं. रेडीकरांना गोव्याच्या अलीकडचं हे शेवटचं स्टेशन. तिथून आम्ही गोव्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो. बोगदा जवळ आला तसा तो दारात जाऊन उभा राहिला, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून. अंधार झाला, डब्यातली पोरं बोगद्यात ओरडतात तशी ओरडली, आणि दीड-दोन मिनिटांत पुन्हा उजेड आला. तो वळला तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. पिशवीतून खाज्याची पुडी काढून त्याने ओळख नसलेल्या सगळ्या डब्याला वाटलं. लोकांनी विचारलं, काय हो, नवस का? “होय. पेडण्याचो,” तो म्हणाला.

त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या. मऊ मातीत पाणी कसं आवरायचं हे ज्याला कळलं, त्याला बोगद्यांच्या जगात काम मागावं लागत नाही. श्रीधरन दिल्ली मेट्रोला गेले, त्यांच्यामागे बरीच माणसं गेली आणि हाही गेला. मग आणखी शहरं आणि शेवटी मुंबईची भुयारी मेट्रो तीन, साडेतेहतीस किलोमीटरची; तिचा पहिला टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि उरलेली पुढे २०२५ मध्ये. रेडीतच राहून मोठं काम करायचं म्हणणारा आमच्यातला एकटा तो, आणि सगळ्यात लांब तोच गेला. मी कोल्हापूरला आलो, शिरोलीच्या फाउंड्रीत. म्हणजे तो ज्याबद्दल तळमळायचा त्या घाटावरच्या पैशावर माझा संसार उभा राहिला. हे तो मला चारचौघांत ऐकवतो आणि ऐकवायचा त्याला हक्क आहे.

रेडीची भट्टी मालक बदलत काही वर्षं चालली आणि मग निजली. चीनच्या मागणीने दगडाला सोन्याचा भाव आला, बंदरावर ट्रकांच्या रांगा लागल्या. मग २०११ मध्ये कर्नाटकात आणि २०१२ मध्ये गोव्यात खाणी थांबल्या आणि या सगळ्या पट्ट्याचं गणित विस्कटलं. आजच्या रेडीत पानं हिरवी आहेत, हवा चांगली आहे, समुद्रकिनाऱ्यावर होम स्टे आहेत. खाणीतल्या धुळीचे दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही, ज्यांच्या विहिरी लाल झाल्या त्यांच्यासमोर तर नाहीच. पण पंचविशीच्या पोराने रात्री दोन वाजता पेटत्या भट्टीसमोर उभं राहून स्वतः निर्णय घ्यायचा, चुकला तर काय होईल हे ठाऊक असताना घ्यायचा, अशी जागा आता या गावात नाही. पदवी घेतलेली मुलं सकाळी मोटरसायकलवरून मोपाला किंवा गोव्याच्या हॉटेलांत जातात, एसी आणि पंप सांभाळतात आणि रात्री परततात. बाकीची पुण्याला. ती हुशार आहेत, आमच्यापेक्षा जास्त. त्यांच्या उशाशी दोनशे पानी वही असेल तर ती भरायला आसपास काय आहे, हा प्रश्न मला छळतो.

जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. त्याच्या चार वर्षं आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याच बोगद्याची भिंत ढासळली होती. बातमी मला टीव्हीवर दिसायच्या आत त्याचा निरोप मोबाइलवर आला होता. पाणी कुठून आलं असेल याचं हाताने काढलेलं रेखाटन, त्याखाली बाण, आणि एक ओळ: “माती तीच आसा, इसारली नाय.” जी गाडी अडली तिच्यात आपण असू की नाही याचा विचार इतर करत असतात. हा मातीचा करत होता.

गेल्या चतुर्थीला तो घरी होता, मीही कोल्हापूरहून गेलो. केस पांढरे, पण आरतीला झांज त्याच्याच हातात आणि टिपेचा सूरही त्याचाच. दुपारी पडवीत बघतो तर आयटीआयची चार-पाच पोरं जमलेली आणि मध्ये खोललेला पंप. इम्पेलर हातात घेऊन तो विचारत होता, “ह्या खय ओतलला, सांगा बघया.” एकाने कोल्हापूर सांगितलं. माझ्याकडे बघून तो खदखदून हसला आणि आत जाऊन वही घेऊन आला. नवी वही आहे, आकडे आजचे आहेत. लहान इंडक्शन फर्नेस, स्वतःच्या काजूच्या बागेलगतची जागा, सुरुवातीला पाच माणसं, आणि माल कुठला तर पंपांचे आणि होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग, जे वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत रोज लागतात. विजेचा भार किती मागायचा ते त्याने काढलं आहे. वाळूचे नमुने भरून ठेवले आहेत. सगळ्या वाळूत मीठ किती, ते तपासून द्यायचं काम माझ्याकडे आहे. फर्नेसचे दर मी मागवले आहेत, दोन ठिकाणचे आले, एक यायचा आहे. येताना पिशवीभर फसलेली कास्टिंग्ज आण म्हणून त्याने बजावलं आहे. पोकळी धरलेली, तडा गेलेली, वाळू खाल्लेली, सगळी हवीत. पोरांना आधी चूक हातात घेऊन बघू दे, असं त्याचं म्हणणं आहे.